दोन नंबरची जमीन

पिकअप कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिचं शेपूट वर असतं आणि नाक खाली. मागे माल चढला की शेपूट दबावं आणि गाडी सरळ व्हावी, असा त्यामागचा साधा विचार. पण ज्यांना माल वाहायचाच नसतो, ज्यांना नवी कोरी पिकअप घेऊन चौकातून उगाच तीन चकरा मारायच्या असतात, त्यांना ते खाली घातलेलं नाक बघवत नाही. त्यांना गाडी छाती काढून उभी राहिलेली हवी, पुढून मागून एका रेषेत. असल्या हौशी मंडळींच्या जिवावर उस्तादांचं गॅरेज तीस वर्षं चाललं होतं, आणि दणक्यात चाललं होतं.

काम सांगायला सोपं आहे. पुढचा शॉकअप उतरवायचा, स्प्रिंगच्या डोक्यावर लोखंडी चकती ठेवायची आणि सगळं पुन्हा आवळायचं. नाक वर येतं. पण चकती किती जाडीची घालायची, मेख तिथे. थोडी कमी पडली तर गाडी मान घालून उभी, थोडी जास्त झाली तर कुत्रं मागच्या पायांवर बसावं तशी दिसते. आणि अशा गाडीत कुणी खरंच चार पोती टाकली की पुढचे दिवे रस्ता सोडून झाडांचे शेंडे बघायला लागतात, समोरच्याचे डोळे दिपतात आणि स्टिअरिंग हातात हलकं लागतं. तेव्हा नुसत्या दिसण्याचा प्रश्न नाही हा.

बाकीचे मिस्त्री टेप लावतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजायचं, पुढचं आणि मागचं ताडून बघायचं, झालं. उस्तादांना टेपचा राग. टेप शिंप्याने वापरावी, म्हणायचे. त्यांच्याकडे एक लांब पारदर्शक नळी होती, तिच्यात पाणी. नळीचं एक टोक चासीच्या पुढच्या खुणेला धरायचं, दुसरं मागच्या खुणेला, आणि पाणी कुठे थांबतं ते बघायचं. दोन्हीकडे पाणी खुणेवर आलं की गाडी सरळ. पाण्याला कुणी फूस लावू शकत नाही, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. ऐकायला झकास वाटायचं. फक्त एवढंच, की ही पद्धत खरी ठरायला गाडीखालची जमीन सरळ लागते. आणि जमीन सरळ होतीच, कारण ती खुद्द उस्तादांनी याच नळीने घालून घेतली होती. मग पुन्हा तपासायचा प्रश्न येतोच कुठे?

गॅरेजात एक रिवाज होता. ज्याचं काम परत येईल त्याने ती परत आलेली चकती तारेत ओवून दिवसभर गळ्यात घालायची. चहा प्यायला जायचं तरी गळ्यात, गिऱ्हाइकाशी बोलायचं तरी गळ्यात. तिसऱ्यांदा काम परत आलं की तिन्ही चकत्या एकदम घालायच्या आणि फाटकाबाहेर चालू पडायचं, कायमचं. उस्तादांनी या रिवाजाने सात माणसं घालवली होती आणि त्याची त्यांना भारी ऐट होती. सातवा माणूस त्यांचा थोरला मुलगा.

ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. गॅरेजात गाडी उभी करायच्या दोन जागा, एक नंबर उस्तादांची आणि दोन नंबर थोरल्याची. थोरल्याचा हात बापापेक्षा हलका आणि डोकं बापापेक्षा थंड. हे गल्लीत सगळ्यांना दिसत होतं, उस्तादांनाही दिसत होतं, म्हणून तर पोटात दुखत होतं. धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा, धड इकडचा ना तिकडचा. हत्यारं पुसायची, सुटे भाग आणायचे आणि काम संपलं की दोन्ही जागांवर पाणी मारून जमीन धुवायची, एवढीच त्याची लायकी, असं उस्ताद म्हणायचे.

एका महिन्यात दोन नंबरवरून गेलेल्या दोन गाड्या परत आल्या, दोन्ही नाक वर करून. थोरल्याने दोनदा चकती गळ्यात घातली, हूं की चूं केलं नाही. पण तो विचार करणारा माणूस. उस्ताद जेवायला गेलेले असताना त्याने उसनी टेप आणून मोजून बघितलं आणि धाकट्याला बाजूला घेतलं.

"तू रोज पाणी मारतोस ना इथे? कुठे जातं रे पाणी?"

धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. एक नंबरवर पाणी चहूकडे सारखं पसरायचं. दोन नंबरवर मात्र गेले कित्येक महिने ते पुढच्या चाकांच्या जागी साचायचं आणि त्याला खराट्याने लोटत न्यावं लागायचं.

"पुढे साचतं, दादा."

"बाबांसमोर सांगशील?"

"सांगीन की. त्यात काय?"

तिसरी गाडी एका बड्या ठेकेदाराची होती. तो आला तोच तोंडाचा पट्टा सोडून, बरोबर दोस्तांचा गोतावळा. आजूबाजूच्या गॅरेजांतली माणसं हात पुसत फाटकाशी जमली, फुकटचा तमाशा कोण सोडतो. उस्तादांनी तिसरी चकती स्वतःच्या हाताने तारेत ओवली. थोरला शांतपणे म्हणाला, "बाबा, दोन नंबरची जमीन पुढून बसलीय. खालची माती सुटली असणार. एकदा टेप लावून बघा."

"मी घातलेली जमीन?"

"हो. हवं तर याला विचारा. पाणी हा मारतो."

उस्ताद धाकट्याकडे वळले. सगळी गल्ली धाकट्याकडे वळली. जन्मात पहिल्यांदा एवढी माणसं त्याच्या शब्दासाठी थांबली होती, आणि बापाचे डोळे तर असे, की बघणाऱ्याची बोबडी वळावी.

"काय रे, पाणी कुठे जातं?"

"खाली जातं, बाबा," धाकटा म्हणाला.

जो काय हशा पिकला म्हणता. ठेकेदाराने तर टाळी मागितली. उस्ताद हसले, आणि हसता हसता त्यांनी धाकट्याच्या पाठीवर थाप मारली. तशी थाप त्याला आजवर मिळाली नव्हती. थोरल्याने भावाकडे एकदा बघितलं, बस. तीन चकत्या गळ्यात घेऊन तो फाटकापर्यंत चालत गेला. फाटकात त्याची बायको डबा घेऊन उभी होती आणि तिने सगळं बघितलं होतं. त्याने तार काढून फाटकाला अडकवली आणि दोघं निघून गेली.

ज्याच्या गळ्यात बापानेच लोखंड घातलं त्याला दुसरा कोण उभा करणार? थोरला गावभर फिरला आणि शेवटी गाड्या धुण्याच्या सेंटरवर लागला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात पाण्याचा पाइप. भेटेल त्याला तो एकच सांगायचा, की माझं चुकलं नव्हतं, जमीन बसली होती. लोकांनी त्याचं नाव भूकंप ठेवलं. "काय भूकंप, आज कुठली जमीन हलली?" असं म्हणून गाडीची किल्ली त्याच्याकडे टाकायचे. तो चिडायचा नाही. हुनर गेलं, नाव गेलं, पण आपलं चुकलं नव्हतं ही खात्री त्याच्यापाशी होती. तिच्या आधारावर तो सहा वर्षं ताठ उभा होता. त्याची आई दर आठवड्याला त्याच्याकडे जायची आणि परत आली की दोन दिवस उस्तादांशी बोलायची नाही. तिचाही थोरल्यावर विश्वास होता. आणि धाकट्याला तर विश्वासाची गरजच नव्हती, त्याला माहीतच होतं.

माहीत असूनही माणूस जेवतो, झोपतो, लग्न करतो. धाकट्याने सगळं केलं. उस्तादांचे गुडघे गेले, ते खुर्चीत बसायला लागले आणि एक नंबर धाकट्याच्या हाती आला. लोक त्याला छोटे उस्ताद म्हणायला लागले. दोन नंबरवर कुणी गाडी सरळ करायला घेतलीच नाही, तिथे तेल बदलायचं, जुने टायर टाकायचे, म्हणून कुणाला काही कळायचं कारणही नव्हतं.

या वर्षी धाकट्याने दोन नंबरवर गाडी उचलायचं यंत्र बसवायचं ठरवलं. ते बसवणारा मशीनवाला परगावचा, त्याला ना भूकंप माहीत ना चकत्या. त्याने टायर बाजूला करायला लावले, तिपाईवर आपलं छोटं यंत्र ठेवलं, भिंतीवर लाल रेघ पाडली आणि पट्टी घेऊन जमिनीचे चार कोपरे मोजले.

"ही सिमेंटची अख्खी लादी पुढून सव्वा इंच खाली गेलीय," तो म्हणाला. "असं नाही चालणार. आधी ही सरळ करून घ्या."

उस्ताद खुर्चीत होते. धाकटा शेजारी उभा होता. पलीकडे लाइटवाला, म्हणजे दिव्यांची दिशा जुळवणारा जुना माणूस, गुडघ्यावर बसून एका गाडीचा दिवा फिरवत होता. त्याचा हात थांबला.

"आत्ताच बसली असेल," उस्ताद म्हणाले. "या पावसात."

मशीनवाल्याने पुढच्या कडेची भेग पेचकसाने खरवडली. भेगेतून काळ्या दगडासारखा मळ निघाला. "छे हो. हे बघा किती जुनं वंगण आहे. सहा-सात वर्षं तरी झाली असतील. तुमच्या कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

चार दिवसांनी येतो असं सांगून तो गेला.

त्या दुपारी उस्तादांनी डबा उघडला नाही. खुर्ची फिरवून ते दोन नंबरकडे तोंड करून बसले. थोरल्याने चाकं कुठे थांबवायची त्यासाठी पिवळ्या रंगाने चार चौकोन काढले होते, तेलाखाली दबलेले ते चौकोन अजून दिसत होते. म्हातारा त्या चौकोनांकडे बघत राहिला आणि धाकटा म्हाताऱ्याकडे. आता हे म्हणणार, जा, भावाला बोलावून आण. धाकटा घाबरला. थोरला परत आला की एक नंबर त्याचा, छोटे उस्ताद गेले उडत. पण खरं सांगायचं तर त्या भीतीत दुसरंही काहीतरी होतं. बोलावू दे एकदाचं, असंही त्याला वाटत होतं. आपण बोललो नाही, निदान बाबांनी तरी बोलावं. दुसऱ्याने आपलं ओझं उतरवावं असं वाटणं सोपं असतं.

उस्ताद म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना?"

"हो, बाबा."

"सकाळी ये. दोन मोठे जॅक काढून ठेव. सिमेंटच्या दोन गोण्या. आणि कुणाला बोलू नकोस."

"आणि दादाला?"

उस्तादांनी मान वर केली. "दादाला काय?"

"काही नाही," धाकटा म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी शटर आतून लावून बापलेक कामाला लागले. बाहेर सगळीकडे स्वच्छ ऊन पडलं होतं आणि आत यांचं हे चाललं होतं. लादीच्या पुढच्या कडेला धाकट्याने खड्डा खणला, कडेखाली दोन जॅक लावले आणि एकदा हा, एकदा तो, असं करत लादी उचलायला घेतली. उस्ताद गुडघ्यांचं दुखणं विसरून जमिनीवर बसले होते, नळी हातात धरून. आयुष्यभर गाड्यांखाली चकत्या घातल्या, आता जमिनीखाली घालत होते. "थांब. अजून केसभर. बस." पाणी खुणेवर आलं. मग लादीला भोकं पाडून धाकट्याने खाली सिमेंटचा पातळ काला ओतला, पोकळी भरली, खड्डा बुजवला.

तेवढ्यावर कुणी थांबलं असतं. उस्ताद नाही थांबले. त्यांनी जळालेलं तेल मागवलं, त्यात धूळ कालवली आणि भोकांच्या जागी, भेगेवर, कडेवर स्वतःच्या बोटांनी चोपडलं. पिवळ्या चौकोनांना मात्र हात लावू दिला नाही. "ते राहू दे," म्हणाले. "ते त्याचे आहेत." धाकट्याने पुढे केलेला हात मागे घेतला. इतका वेळ त्याला वाटत होतं की बाप चूक झाकतोय. आता कळलं, की बापाला थोरला येणार हे माहीत आहे आणि त्याची तयारी चाललीय.

थोरला आलाच. लाइटवाल्याला राहवलं नव्हतं, त्याने जाऊन सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडून तास झाला असेल, फाटकात थोरला आणि त्याच्यामागे आई. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात टेप होती. सहा वर्षांत तो पहिल्यांदा आत पाऊल टाकत होता. शेजारच्या गॅरेजांतली माणसं आलीच, त्यांना कोण सांगतं देव जाणे.

"बाबा," थोरला म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट तो जपून बोलत होता. "ऐकलं की दोन नंबर सव्वा इंच बसलेली निघाली. मला भांडायचं नाही. तुम्ही फक्त या सगळ्यांसमोर एकदा म्हणा, माझं चुकलं नव्हतं म्हणून. मग मी जातो."

"कोण म्हणालं, बसलीय?"

थोरल्याने लाइटवाल्याकडे बघितलं. लाइटवाल्याने दिव्यात तोंड खुपसलं. तीस वर्षांची नोकरी होती बिचाऱ्याची, आणि घरात खाणारी सहा तोंडं.

उस्तादांनी खुंटीवरची नळी काढून पुढे केली. "घे. तुझ्या हातानेच बघ."

"बघ ना रे," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळलेला होता. आज सोक्षमोक्ष लागणार म्हणून ती ठेवणीतली साडी नेसून आली होती.

थोरला दोन नंबरवर गेला. पुढच्या पिवळ्या चौकोनावर त्याने हात फिरवला. आपलंच काम ते, कोपऱ्यात रंगाचा एक ओघळ आलेला, तोही तसाच. लादी तीच, यात शंका नव्हती. त्याने नळीचं एक टोक लाइटवाल्याच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. पाणी हललं, डुचमळलं आणि थांबलं. दोन्हीकडे सारखं.

त्याने टोकांची अदलाबदल केली. सारखं. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. सारखं. मग त्याने बादलीभर पाणी आणून मधोमध ओतलं आणि उकिडवा बसून बघत राहिला. पाणी चहूकडे सारखं पसरलं, पुढच्या चौकोनात थेंबभरही जास्त गेलं नाही. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "भूकंप थांबला वाटतं," आणि दोघं-तिघं फिसकन हसले.

थोरला उठला आणि धाकट्यासमोर येऊन उभा राहिला. पायांत रबरी बूट नव्हते, पण चालण्याची सवय तीच, पाय ओढत.

"तू सांग," तो म्हणाला. "तू म्हणाला होतास, पाणी पुढे साचतं. मी विचारलं तेव्हा तू म्हणाला होतास. हो की नाही?"

धाकट्याला दुसरी संधी मिळत होती. अशी संधी माणसाला एकदाही मिळत नाही, याला सहा वर्षांनी दुसऱ्यांदा मिळत होती. एक शब्द बोलायचा होता. तेलाने चोपडलेलं एक भोक त्याच्या बुटापासून हातभर अंतरावर होतं, पायाने नुसतं खरवडलं असतं तरी ताजं सिमेंट दिसलं असतं. त्याने बापाकडे बघितलं. बाप त्याच्याकडे बघत नव्हता, इतकी त्याला खात्री होती आपल्या पोराची.

"दादा," धाकटा म्हणाला, "तुझा उतरलेला चेहरा बघवेना मला तेव्हा. तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो असेन."

यावर कुणी हसलं नाही. थोरल्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी तो भावाकडे बघत होता, मग जमिनीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. ते हात त्याने उलटेपालटे करून बघितले.

"म्हणजे माझंच," तो म्हणाला. "तीन गाड्या. तिन्ही माझ्याच हाताने."

"असं होतं कधी कधी," उस्ताद म्हणाले. काय गोड आवाज लावला होता म्हाताऱ्याने.

"आणि मी सहा वर्षं गावभर तुमच्या नावाने..." तो बापाच्या खुर्चीपाशी गेला आणि खाली बसला. "चुकलं माझं, बाबा."

आईच्या तोंडावरचा उजेड कधीच गेला होता. तिने पदर तोंडाला लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "मीसुद्धा तुम्हाला नाही नाही ते बोलले. हा म्हणाला, मला खरं वाटलं." तिनेही माफी मागितली. उस्तादांनी दोघांची माफी घेतली, अगदी मोठ्या मनाने घेतली. झालं गेलं विसरा, म्हणाले. मग थोरल्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "परक्याच्या गाड्या कशाला धुतोस? इथे पाणी मारायला माणूस नाहीच. सोमवारपासून ये. फक्त काय करायचं, काय नाही, ते या छोट्या उस्तादाला विचारून करायचं."

थोरल्याने मान हलवली. आईला रडू आवरेना, थोरला घरी आला म्हणून. लोक पांगले, आणि पांगताना म्हणत होते, काही म्हणा, म्हाताऱ्याचं काळीज मोठं.

सोमवारी थोरला सगळ्यांच्या आधी आला. हत्यारं पुसून मांडली, एक नंबर धुतली, दोन नंबर धुवायला घेतली. सेंटरवर ताठ मानेने पाइप धरणारा माणूस इथे मान खाली घालून खराटा मारत होता. धाकटा एका गाडीखाली शिरला होता तो तिथून त्याचे पाय बघत होता. आधीच आवळलेला बोल्ट तो पुन्हा आवळत राहिला.

मशीनवाला दुपारी येणार होता, तो सकाळीच टपकला. त्याने तिपाई मांडली, भिंतीवर लाल रेघ पाडली, चार कोपरे मोजले आणि खूश होऊन मोठ्याने म्हणाला, "वा. मस्त उचललीत की लादी. चार दिवसांपूर्वी सव्वा इंच खाली होती ही."

खराटा थांबला. उस्ताद खुर्चीत पुढे झाले. धाकटा गाडीखालून बाहेर आला, हातात पाना, आणि तसाच उभा राहिला. लाइटवाल्याने डोळे मिटून घेतले.

"नाही हो साहेब," थोरला म्हणाला.

"काय नाही?"

"जमीन पहिल्यापासून सरळच आहे. मी स्वतः पाणी लावून बघितलंय. माझाही हाच गैरसमज होता, सहा वर्षं होता, त्यापायी मी माझ्या बाबांची फार बदनामी केली. तुम्ही तरी करू नका. हात माझा वाकडा होता."

मशीनवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने खाली बघितलं. थोरल्याने सकाळपासून घासघासून धुतलेल्या लादीवर, भेगेच्या कडेने, राखाडी सिमेंटचे पाच-सहा गोल ठिपके उघडे पडले होते. धुताना थोरल्यानेही ते बघितले असणारच, पण ते काय आहेत हे स्वतःला विचारायची हिंमत आता त्याच्यात उरली नव्हती. मशीनवाल्याने ठिपक्यांवरून नजर उचलून उस्तादांकडे नेली, धाकट्याकडे नेली, आणि त्या शहाण्या माणसाला काय ते कळलं. त्याला आपलं काम उरकून परगावी जायचं होतं.

"असेल," तो म्हणाला. "माझ्याच मोजण्यात चुकलं असेल."

"होतं असं," थोरला त्याची समजूत घालत म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका." मग त्याने खराटा भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले आणि धाकट्याकडे वळला.

"छोटे उस्ताद, जमीन झाली धुऊन. आता काय करू?"

सगळे धाकट्याकडे बघत होते, पुन्हा एकदा.

"मशीनवाल्याला हात लाव," तो म्हणाला.

"बरं," म्हणत थोरला गेला आणि त्याने मशीनचं जड टोक उचललं.